विस्तव विझवायला विस्तवावरून हात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली ३१ वर्षं मी शुक्रवार पेठेत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मला जेवायला फुरसत नसते, कारण वर्षभर कुरकुरत चाललेली शेगडी नेमकी फराळाच्या वेळी अडते. यंदा त्याच धावपळीत कर्वेनगरच्या एका घरी गेलो आणि तिथे जे पाहिलं, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

घर नवीन. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यात बसवलेला चार बर्नरचा काचेचा हॉब. चारही बटणं काचेवरच, उजव्या कडेला एकामागे एक. आदल्या संध्याकाळी घरातल्या काकू चकल्या तळत होत्या. कढई उजवीकडच्या पुढच्या बर्नरवर, म्हणजे बटणांना खेटून. लेकीचा फोन आला, बोलता बोलता त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि इकडे मोठ्या आचेवर तेल तापत राहिलं. धुराचा वास आला म्हणून धावत आल्या, तोवर कढईने पेट घेतला होता. बंद करायला हात पुढे केला, तर बटण कढईच्या कानापासून चार बोटांवर. हात जाईना. सून पाइप गॅसचा कॉक बंद करायला वाकली, तर तो ट्रॉलीच्या मागे. भांड्यांनी भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. शेवटी शेजारच्या ताईंनी कणकेची परात लांबूनच कढईवर सरकवली, तेव्हा भडका दबला. मग ड्रॉवर ओढून काढला आणि गॅस बंद केला. पेटलेल्या तेलात कुणी घाबरून पाणी ओतलं नाही, ही त्या घराची पुण्याई. पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती जळतं तेल छतापर्यंत उडवते.

दुसऱ्या दिवशी मी ते बटण काढलं. वरचा भाग मेणासारखा ओघळून एका बाजूला लोंबत होता. आतली दांडी मात्र शाबूत होती. काकू सारख्या म्हणत होत्या, "माझंच चुकलं हो, फोन घ्यायला नको होता." चूक झालीच, पण स्वयंपाकघरात माणसाचं लक्ष कधी ना कधी उडणारच. दारावर कुणी येतं, मूल रडतं. अशा वेळी बटण हाताशी हवं, जाळाशी नको. माझं म्हणणं एवढंच आहे: आग विझवायला आगीवरून किंवा आगीजवळून हात न्यावा लागू नये.

आपल्या जुन्या दोन बर्नरच्या स्टीलच्या शेगड्या आठवून पाहा. बटणं पुढच्या उभ्या पट्टीवर, ज्याचं त्याच्या खाली. डाव्या बर्नरचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे. कढईतून उतू गेलं तरी बटणावर पडत नाही आणि हात आचेच्या खाली राहतो. तीन बर्नरच्या शेगडीतही मधला बर्नर थोडा मागे आणि बटण मधोमध, त्यामुळे घोटाळा होत नाही. घोटाळा चौथ्यापासून सुरू होतो. बर्नर चौकोनात आणि बटणं एका रांगेत. आता दुसरं बटण पुढच्या बर्नरचं की मागच्या? कंपनी बाजूला बारीक ठिपक्यांची खूण छापते, पण घासणीने ती वर्ष-दोन वर्षांत पुसून जाते. मग रिकाम्या बर्नरवर ठेवलेला पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा वितळल्यावर कळतं की भलतंच बटण फिरवलं. असे डबे मी दर वर्षी पाहतो.

माझी मुलगी डिझाइन शिकते. तिने मला सांगितलं की १९५९ साली अमेरिकेत चॅपानिस आणि लिंडेनबॉम या दोन संशोधकांनी नेमका याचाच प्रयोग केला होता. चार बर्नरच्या शेगडीच्या वेगवेगळ्या मांडण्या केल्या आणि माणसांना बर्नर दाखवून त्याचं बटण शोधायला लावलं. बर्नर सरळ चौकोनात होते तिथे लोक चुकत राहिले. मागचे दोन बर्नर पुढच्यांपेक्षा थोडे बाजूला सरकवले, म्हणजे डावीकडून उजवीकडे चारही बर्नर चार बटणांच्या रेषेत आले, तिथे एकही चूक झाली नाही. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, आणि खर्च काय, तर बर्नर काही बोटं सरकवायचा!

आणखी एक खोड आमच्या धंद्यातल्या माणसालाच चटकन दिसते. बटण दाबून डावीकडे फिरवलं की आधी मोठी आच येते आणि पुढे नेलं की सिम. म्हणजे 'बंद' आणि 'सिम' दोन टोकांना. घाईत किंवा वयामुळे बटण उलट्या दिशेला गेलं की आच बारीक होते, भांड्याखाली दिसत नाही आणि बंद झाल्यासारखी वाटते. त्यात दूध उतू गेलं की ज्योत विझते, गॅस मात्र येत राहतो. म्हणून बटणाचं तोंड कुठे आहे हे बोटांना कळलं पाहिजे. सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षक आहेत, दृष्टी जवळजवळ गेली आहे, पण चहा स्वतःच करतात. त्यांच्या बटणांवर मी एम-सीलचा तांदळाएवढा उंचवटा करून दिला. उंचवटा वर आला की बंद. ते रोज रात्री तिन्ही बटणांवरून अंगठा फिरवून मगच झोपायला जातात.

पुढे बटणं असली की लहान मुलं फिरवतात, असं लोक म्हणतात. खरं आहे, आणि नुसती मुलंच नाहीत. अमेरिकेत २०२४ साली एका कंपनीला ११ लाखांहून जास्त इलेक्ट्रिक शेगड्यांसाठी बटणांची मोफत कुलपं किंवा झाकणं द्यावी लागली, कारण पुढची बटणं माणसांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या धक्क्याने फिरत होती आणि त्यातून आगी लागल्या. पण त्यावर बटणं काचेवर आचेशेजारी नेणं हा इलाज नाही. बटण दाबल्याशिवाय फिरताच कामा नये. आपल्याकडच्या शेगड्यांत ती सोय असते, फक्त आतली स्प्रिंग ढिली झाली की बटण नुसत्या धक्क्याने फिरतं. तसं फिरायला लागलं तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. शेगडी ओट्याच्या कडेपासून एक वीतभर आत सरकवा, म्हणजे पदर, ओढणी आणि पोरांचे हात लांब राहतात. आणि रात्री रेग्युलेटर बंद करा.

पाइप गॅसच्या कॉकबद्दल मात्र मला खरंच राग येतो. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. पाव फेरा, एवढंच काम. आणि तो कॉक फर्निचर करणारे 'दिसायला बरं दिसत नाही' म्हणून ट्रॉलीमागे गाडून टाकतात! गेल्या दोन वर्षांत किती घरी मला स्क्रू काढून मागची पट्टी उचकटावी लागली, त्याची मोजदाद नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाकल्याशिवाय आणि शेगडीवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे.

घरगुती एलपीजी शेगड्यांसाठी आपल्याकडे आयएस ४२४६ हे मानक आहे. बटण कोणत्या बर्नरचं हे न वाचता कळावं, ही अट त्यात ठळकपणे यावी, अशी माझी विनंती आहे. आणि पुण्यात रोज नवी स्वयंपाकघरं आखणाऱ्यांना सांगणं आहे की, ओट्याचा नकाशा पक्का करण्याआधी त्या ओट्याशी जी उभी राहणार आहे तिला तिथे उभी करा, तेलाची कढई ठेवल्याचं समजा आणि बटणापर्यंत हात न्यायला सांगा.

कर्वेनगरचं ते वितळलेलं बटण मी दुकानात काउंटरवर ठेवलं आहे. कुणाला पाहायचं असेल तर सकाळी दहानंतर यावं.

आपला,
एक गॅस शेगडी कारागीर,
शुक्रवार पेठ, पुणे