पायाखालची वाळू

प्रिय विनू,

तुझं पत्र परवा आलं आणि तेव्हापासून तो एकच शब्द डोक्यात घोळतोय. अनुवादात ‘सॅपिंग’ दोनदा आलंय, एकदा वेढ्याच्या वर्णनात आणि एकदा डोंगरकड्याच्या. दोन्हीकडे ‘पोखरणे’ लिहून मोकळा होऊ का, असं विचारलंस. होऊ नकोस. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी झाडाच्या चिकाचा विचार सोडून दे. तो ‘सॅप’ वेगळ्या घराण्यातला. हा आला इटालियन ‘झाप्पा’वरून, म्हणजे कुदळीसारखं खणायचं अवजार. खणणारा तो सॅपर. लष्करातल्या इंजिनिअरांना आजही तेच नाव आहे.

आता गंमत बघ. या सॅपरचं मुख्य काम तट पोखरणं नव्हतंच. तोफांच्या माऱ्यातून तटापर्यंत जिवंत पोचायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणून तो उघडा चर खणत पुढे सरकायचा, तोही नागमोडी. सरळ खणला तर तटावरून सुटलेला एकच गोळा चराच्या लांबीभर धावेल! फ्रेंच इंजिनिअर व्होबाँने १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात याची घडी बसवली. तटाला समांतर खंदक, त्यांना जोडणारे नागमोडी चर, आणि असं टप्प्याटप्प्यानं किल्ल्याला भिडायचं.

ते खणणं डोळ्यासमोर आण. चार माणसं एकामागे एक. पहिला गुडघ्यांवर. त्याच्यापुढे आडोशाला फांद्यांचा विणलेला, ठासून भरलेला मोठा टोपला, तो गडगडवत पुढे न्यायचा. हा दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर मारतो आणि निघालेली माती शत्रूच्या बाजूच्या टोपल्यांत भरतो. दुसरा तो चर रुंदीला आणि खोलीला सहा-सहा इंचांनी वाढवतो, तिसरा आणखी सहा, चौथा आणखी सहा. चौघं पुढे गेले की मागे तीन फुटांचा खंदक तयार. पहिल्या जागेवर एकालाच सतत ठेवत नसत, पाळ्या बदलत. किल्ला जवळ येई तशी मजुरीही वाढे. मला या चौघांबद्दल फार आदर वाटतो. इतिहासात नाव सेनापतीचं राहतं, पण अंतर कापलं ते यांनी, वीतवीत करून.

तटाखाली शिरणं ही पुढची पायरी, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सुरुंग. (हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असं मानतात, म्हणजे नळी.) पण सुरुंग म्हटलं की आपल्याला दारूच आठवते. १६६० मध्ये चाकणला फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने शाइस्ताखानाला दाद दिली नाही, तेव्हा मोगलांनी बुरूज उडवला तो दारूनेच. त्याआधीची रीत वेगळी होती. पायाखाली भुयार न्यायचं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि मग टेकूच पेटवून द्यायचे. १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजा जॉनने रोचेस्टरच्या बालेकिल्ल्याखाली हेच केलं. त्या आगीसाठी खायला कामाची नाहीत अशी चाळीस लठ्ठ डुकरं त्याने मागवली होती. टेकू जळाले, कोपरा बसला. तो पुन्हा बांधला तो गोल, बाकीचे कोपरे चौकोनीच राहिले. तो फरक अजून दिसतो.

त्या कोपऱ्याला कुणी धक्का मारला नव्हता. तो स्वतःच्याच वजनाने खाली आला. तुझ्या दोन वाक्यांना जोडणारा धागा हाच आहे.

कड्याचं असं होतं. वर पाणी मुरणारा वालुकाश्म, खाली पाणी न मुरू देणारा थर. मुरलेलं पाणी खाली अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. तिथला दगड भिजून सैल होतो, एकेक कण सुटतो, कपार आत आत जाते आणि एक दिवस वरचा भाग कोसळतो. अमेरिकेत कोलोरॅडो पठारावर नवाहो वालुकाश्मात अशा कपारी आणि गोल डोक्याच्या, म्हणजे वरचं टोक गोलसर कड्याने बंद झालेल्या, दऱ्या आहेत.

तुझं पत्र वाचल्यावर मी एका ट्रेमध्ये ओल्या वाळूचा उतार रचला आणि मागच्या बाजूने हळूहळू पाणी सोडलं. बराच वेळ काही नाही. मग तळाशी एक काळसर ओली रेघ उमटली, चमकू लागली, तिथून चार कण घरंगळले. माथा कोरडाच, जागचा हललेला नाही. आणि मग अख्खी कड एकदम बसली. ‘पायाखालची वाळू सरकणे’ आपण आयुष्यभर बोलतो, मी ती सरकताना पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली.

पण त्याच ट्रेमध्ये मला फरकही दिसला. पडलेल्या वाळूचा ढीग पायथ्याशी साचला आणि काम थांबलं. पाण्याने तो वाहून नेला तेव्हाच झीज पुढे सरकली. वेढा घालणाऱ्याला याच्या नेमकं उलट हवं असतं. पडलेल्या तटाचा ढिगारा तिथेच राहावा, त्याने किल्ल्याभोवतीचा खंदक बुजावा आणि त्यावरून सैन्याने चढून जावं! म्हणून एकच शब्द दोन्हीकडे चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वेढ्याच्या जागी सरळ ‘चर खणत पुढे सरकणे’ लिही, आणि भुयार असेल तिथे ‘सुरुंग’. कड्यासाठी ‘पाझरामुळे होणारी पायथ्याची झीज’ लांब आहे, पण खरं आहे.

आणखी एक. दरीचं डोकं गोल दिसलं की ती पाझरानेच झाली, असं धरून चालू नकोस. आयडाहोमधल्या बॉक्स कॅन्यन या दरीच्या डोक्याशी आजही झरे फुटतात, म्हणून तिचं श्रेय बरीच वर्षं त्यांनाच दिलं जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड पुराने ती कोरली. तिथला दगड बेसॉल्ट, कोसळलेले धोंडे मोठाले; ते झऱ्यांना वाहून नेता आले नसते. पुन्हा ढिगाराच आडवा आला, बघ.

तेव्हा तुझ्या मजकुरातला कडा कुठल्या दगडाचा आहे आणि पाणी कुठून येतं असं लिहिलंय, ते आधी पाहा आणि मला कळव. तोवर ते वाक्य तसंच कच्चं राहू दे.

तुझा,
अरुण