परवा डबा घेऊन आलो तेव्हा बोलायचं राहिलेलं

पोरी,

तिकडं रेंज नाही म्हणून हे टाईप करून ठेवतो, तू सामान आणायला जांबोटीला आलीस की मिळेल तुला. इकडं दोनदा वळीव झाला, धूळवाफ पेरणी उरकली, वरची पट्टी तेवढी राहिलीय. आई विचारती वेळेवर जेवतीस काय, तिला आधी कळव.

तू निसर्ग शिबिरातली इंटर्नशिप म्हणालीस तेव्हा मी पहिलं पैसेच विचारलो. एमएससी करून दुसऱ्यांच्या पोरांना जंगलात फिरवायचं, ते पण एवढ्याशा मानधनावर, असं मी चारचौघांसमोर बोललो आणि तू जेवता जेवता उठून गेलीस. ते बोलणं चुकलं माझं, मला लई दिवस ते आत टोचत होतं.

परवा डबा घेऊन आलो तर तुम्ही सगळी त्या आंब्याखाली बसलेली, म्हणून मी हाक मारली नाही, लांबच उभा राहिलो. तो बेळगावचा चष्म्याचा पोरगा, जो आल्या आल्या चप्पल काढायला पण भीत होता म्हणे, तो पानांच्या गोळ्याकडं बोट दाखवून हे काय म्हणाला आणि तू नाव सांगितलंच नाहीस, तुला काय काय दिसतंय ते सांग म्हणालीस. मग तो बघतच बसला गं, आणि एकेक सांगायला लागला, मुंग्या पानं धरून ओढतायत, दोन पानांच्या मधी पांढरं काहीतरी आहे, एकीच्या तोंडात पिल्लू आहे. ते पिल्लूच रेशीम सोडतंय आणि त्यानं पानं शिवतायत हे तू शेवटी सांगितलंस. पन्नास वर्षं मी त्या तांबड्या मुंग्यांचा चावा खात आंबे उतरवलेत पण त्या शिवतात कशा ते कधी बघितलो नव्हतो. त्या पोराबरोबर मला पण त्या दिवशीच कळलं.

आता एक सांगू काय, पोरांना एक दिवस कणकुंबीला ने. आम्हाला चौथीत गुरुजींनी चालवत नेलं होतं, माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते तिथं एकेकाला पाण्यात हात घालायला लावलं आणि म्हणाले हे पाणी आता कूडलसंगमला कृष्णेत जाणार आणि तिथनं पार बंगालच्या उपसागराला. मग मागं वळून देगावच्या डोंगराकडं हात केला, तिकडं पडलेला पाऊस म्हादईतनं गोव्यात उतरून पणजीला मांडवी होऊन अरबी समुद्रात जातो. आपल्या एकाच खानापूर तालुक्यात पडलेला पाऊस आणि दोन समुद्र. मला तर रात्री झोप लागली नव्हती ते ऐकून. नकाशात हे नंतर शिकलो पण हाताला लागलेला तो गारवा अजून आठवतो. मोठी पोरं असतील तर म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवायचं की नाही या भांडणाचं पण सांग, २०१८ ला लवादानं निकाल दिला तरी वाद मिटलेला नाही, इकडच्या शेतकऱ्याचं काय म्हणणं आणि गोव्याचं काय म्हणणं, दोन्ही सांग, त्यांचं ते ठरवू देत.

आणि तुझ्या शिबिरात सगळी शहरातलीच पोरं दिसली मला. येऊ देत की, त्यांनाही हवंच आहे हे. पण गवाळी, पास्तोली, तळेवाडीची पोरं? २०११ ला भीमगड अभयारण्य झालं त्यातली गावं ती, आणि आता तिथं पुनर्वसनाचं पण चाललंय. कुठल्या झाडाची करवंदं गोड, गवा कुठनं पाण्यावर येतो, हे त्या पोरांना पायाला ठाऊक आहे. तुझ्या साहेबांना विचार, दोन-चार जागा त्यांना फुकट देता येतात काय, आणि चालताना त्यांना पुढं ठेव. भीमगडातल्याच बारापेडे गुहेत राहणाऱ्या एका जातीच्या वटवाघळाची नोंद १९१३ ला झाली, कितीतरी वर्षं जगात फक्त तिथंच आहे असं धरत होते, नंतर मेघालयात आणि कंबोडियात पण सापडलं. आपल्या तालुक्यातल्या किती पोरांच्या कानावर हे गेलंय सांग बघू? गुहेत मात्र नेऊ नका कुणाला, त्यांना त्रास होतो, बाहेरनंच सांगायचं.

कन्नड पोरं आली तर धनेशला मंगट्टे म्हण आणि बेडकाला कप्पे, मग मराठी नाव सांग, दोन्ही पोरांना दोन्ही येऊ देत. भाषेवरनं आपल्याकडं मोठी माणसं कशी भांडतात ते तू लहानपणापासनं बघितलीस, तुझ्या शिबिरात ते नको.

गोचिडांचं तेवढं मनावर घे. १९५७ ला शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा कळलेला, गोचीड चावून होणारा माकडताप आता पलीकडं गोव्यातल्या सत्तरीला आणि दोडामार्गला पण पोचलाय, आणि मे संपेपर्यंत त्याचा धोका असतो. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, पोरांचे पाय आणि काखा बघायच्या, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच फॉरेस्टवाल्यांना कळवायचं. तू स्वतःचं पण बघ, दुसऱ्यांचं बघता बघता विसरतीस.

आई आमसुलं आणि करवंदाचं लोणचं भरून ठेवलीय, रविवारी पाठवतो. पाऊस लागायच्या आधी काजवे यायला लागतील, तेव्हा शेवटच्या बॅचला घेऊन रात्री बसणार असशील तर मला निरोप दे. मी पोरांच्या मागं गप बसतो, टॉर्च घरीच ठेवून येतो.

तुझा बाबा