प्लास्टरमधल्या पायाचे दुखणे ऐकून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कबड्डीचा हंगाम सुरू झाला की हात-पाय मोडलेली पोरे दवाखान्यांत येऊ लागतात. बहुतेक बरी होऊन पुन्हा मैदानात उतरतात. काहींचा पाय मात्र हाड मोडल्यामुळे नव्हे, तर नंतर कोणी लक्ष न दिल्यामुळे जातो. त्याबद्दल हे पत्र.

नोव्हेंबर 2022 मधली चेन्नईची घटना वाचकांना आठवत असेल. कॉलेजात शिकणारी 17 वर्षांची फुटबॉलपटू. लिगामेंट फाटले म्हणून 7 तारखेला उपनगरातल्या सरकारी रुग्णालयात तिच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आवळून बांधलेले बँडेज वेळेत सोडले गेले नाही आणि पायाचा रक्तपुरवठा तुटला. मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर पाय कापावा लागला, तरी 15 तारखेला ती गेली. दोन डॉक्टर निलंबित झाले. शस्त्रक्रिया नेहमीची होती, आजारही असाध्य नव्हता. म्हणूनच ते मरण अजून पचत नाही.

पोटरीतले स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांत बसवलेले असतात. नडगीचे हाड मोडले, आत रक्त साचले, सूज आली की या बंद कप्प्यातला दाब वाढतो. वरून प्लास्टर किंवा बँडेज घट्ट असेल तर तो आणखी चढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. डॉक्टर याला 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. प्लास्टर आतल्या कापसापर्यंत उभे चिरून मोकळे करणे आणि तेवढ्याने भागले नाही तर आवरणाला लांब छेद देऊन दाब सोडवणे, हा उपाय. पण हाताशी जेमतेम सहा-आठ तास असतात. त्यानंतर स्नायू मरायला लागतात.

फसगत होते ती बोटांमुळे. बोटे गरम असतात, नाडी लागते, म्हणून सगळे ठीक आहे असे धरले जाते. नाडी जाते ती फार उशिरा. खरी खूण दुखण्याची: दुखापतीच्या मानाने कितीतरी जास्त, इंजेक्शनने न थांबणारी, पायाचे बोट जरा मागे ओढले तरी किंचाळायला लावणारी कळ.

मी क्रीडाशिक्षक होतो. आमचा एक चढाईपटू पकडीत पडला आणि नडगी मोडली. संध्याकाळी प्लास्टर झाले. रात्रभर तो आईचा हात धरून "हे काढा, हे काढा" म्हणत होता. ड्युटीवरच्यांनी दोनदा इंजेक्शन दिले आणि "एवढा पैलवान गडी, रडतोस काय" म्हणून गप्प केले. सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा बोटे हलत नव्हती. पाय वाचला, पण पाऊल वर उचलता येत नाही, खेळ संपला. कागदपत्रे मिळाली त्यात त्या रात्रीची एकच ओळ होती: "रुग्ण स्थिर".

माझे म्हणणे या ओळीपाशी आहे. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले. ते योग्यच आहे, डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण त्या तज्ज्ञापुढे ठेवायला नोंद तर हवी! मागितल्यावर 72 तासांत कागद देणे 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कागदात तक्रारच लिहिलेली नसेल, तर आईबापांनी काय दाखवायचे? जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचे दारही बंद असते.

म्हणून आरोग्य विभागाकडे मागणी आहे. प्लास्टर किंवा घट्ट बँडेज असलेल्या रुग्णाने दुखते म्हटले की ती तक्रार वेळेसह लिहावी. तासाभरात डॉक्टरने स्वतः येऊन बोट ओढून पाहावे आणि काय आढळले ते सहीनिशी नोंदवावे. घरी सोडताना धोक्याच्या खुणा मराठीत छापलेला कागद द्यावा. याला ना यंत्र लागते, ना निधी. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनीही तोच कागद प्रत्येक संघाच्या हाती ठेवावा, आणि जखमी खेळाडूसोबत पहिली रात्र थांबायला घरच्यांशिवाय संघातला एक जाणता माणूस पाठवावा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. सांगली