सिंफनी ऐकताना काळाचे बोट धरा

संपादक महोदय,

राग नाही, सम नाही, मग धरायचे काय, असे म्हणत आपल्याकडचे जाणते कानसेनही पाश्चात्त्य अभिजात संगीत बाजूला ठेवतात. मला वाटते, इतिहासाचे बोट धरावे. जोसेफ हायडन हा हंगेरीतल्या एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरचा संगीतकार. १७७२ साली त्या घराण्याचा प्रमुख प्रिन्स निकोलाउस याचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबला आणि वादक घरच्या ओढीने कासावीस झाले. तेव्हा हायडनने रचलेल्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, अखेरीस एकेक वादक थांबतो, उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिन उरतात. ही पार्श्वभूमी कळली की तोच शेवट किती आर्जवी वाटतो! पुढे लंडनमध्ये तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसाठी हायडनने लिहिलेल्या सिंफनींचा बाज पाहा, केवढा ऐसपैस! आणि बीथोव्हनची 'एरोइका' ही सिंफनी तर नेपोलियनच्या काळाशी जोडूनच ऐकावी. ती आधी नेपोलियनच्या नावे होती; त्याने स्वतःला सम्राट घोषित केल्यावर बीथोव्हनने ते नाव काढून टाकले.

आपल्या रविवार पुरवणीत असे कालक्रमाने जाणारे सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती. एका वेळी एकच रचना घ्यावी, म्हणजे वाचकाला ती पुन्हापुन्हा ऐकता येईल.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे