खडीमार्ग, नदीचे गोटे आणि माझे हाड : रस्तेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रस्तेमंत्री महोदय,

सादर नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आपण फीत कापून जनतेला अर्पण केलेल्या खडीमार्गावर माझे डावे कॉलरबोन मोडले. मैदानातल्या कालव्याकाठून निघून डोंगरपायथ्याच्या टेकड्यांत शिरणारा हा मार्ग ग्रॅव्हल सायकलस्वारांसाठी, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी, शास्त्रशुद्ध बांधला जाईल, असे आश्वासन आपण दोन वर्षांपूर्वी जाहीर सभेत दिले होते आणि तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. एका हाताने टाळी वाजत नाही, याचा प्रत्यय सध्या रोज घेतो आहे. हे पत्रही एकाच हाताने टंकले आहे, तेव्हा चुकीबद्दल क्षमा असावी.

सपाटीवरचा पट्टा चांगला आहे, हे आधीच मान्य करतो, कारण तिथे आपल्या खात्याने काहीही केलेले नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी वर्षानुवर्षे दाबलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची रेघ, एवढाच तो रस्ता आहे. घात झाला तो टेकड्या सुरू झाल्यावर, दुसऱ्या उताराच्या वळणावर. तिथे नव्याने 'खडी' पसरली आहे. अवतरणचिन्हे मुद्दाम घातली आहेत, कारण ती खडी नसून नदीच्या पात्रातून उचललेले गोटे आहेत. टायर चाळीस मिलीमीटरचा होता, हवा बेताची होती आणि वेग ताशी २६ किलोमीटर होता. पुढचे चाक त्या थरात रुतून असे आडवे झाले की ब्रेक दाबण्याआधीच मी खांद्यावर आपटलो. 'कट्' असा आवाज झाला, तेव्हा फ्रेम गेली असे वाटले. पुढचा श्वास घेताना कळले की फ्रेम शाबूत आहे. सायकलस्वाराला एवढ्यातही क्षणभर हायसे वाटते, हे आपल्याला पटणार नाही.

काल सोळावी रात्र मी खुर्चीत बसून काढली, कारण आडवे होता येत नाही. टूथपेस्टचे झाकण दातांनी उघडतो. शिंक येईल असे वाटले की घरातले सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. हे सारे मागण्यांच्या आधी लिहिले, याचे कारण मागण्या तुमच्या फायलीत आहेतच, खुर्चीतल्या सोळा रात्रींची नोंद मात्र तिथे नाही. (इथून पुढे 'आपण' लिहिणे जमेलसे वाटत नाही, 'तुम्ही' लिहितो.)

ज्या गोट्यांवर मी पडलो, त्यांतला एक मित्राने उचलून आणला. तो माझ्यासमोर टेबलावर आहे. अंड्याएवढा, करडा, एका बाजूला पांढरी शीर असलेला हा गोटा बोटाने ढकलला की थेट कडेपर्यंत घरंगळतो. डोंगरातून उतरणारी नदी सपाटीला लागली की तिचा जोर मोडतो आणि वाहून आणलेले दगड ती पायथ्याशी पंख्यासारखे पसरते. म्हणूनच अशा मुलखात गोट्यांना तोटा नसतो आणि ते फोडण्याचा खर्च वाचवण्याचा मोह कंत्राटदाराला होतो. पण पाण्याने घासून गोल झालेला गोटा शेजारच्या गोट्याला धरत नाही. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात, मधल्या फटींत बारीक खडी आणि कच (दगडाचा चुरा) बसते आणि पाणी मारून रोलर फिरवला की तो थर एकजीव होतो. गोट्यांवर रोलर कितीही फिरवा, ते फक्त जागा बदलतात.

हे ज्ञान नवे नाही. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाकडे १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार आला, तेव्हा त्याने दगड फोडून घेतले आणि वरच्या थरात गाडीच्या लोखंडी धावेच्या रुंदीपेक्षा खूपच लहान तुकडे राहतील असा दंडक घातला. रस्त्याला मधे किंचित उंचवटा ठेवला आणि कडेला पाण्याला वाट दिली. त्या रस्त्यांत डांबराचा थेंब नव्हता आणि पायडलची सायकल जगात यायची होती. दोनशे वर्षांपूर्वी घोडागाडीला जे मिळाले, ते मला मिळावे एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे.

मित्राने तो गोट्यांचा पट्टा पावलांनी मोजला, तो ३४० पावले भरला. तेवढ्या अंतरात ना गटार आहे ना मोरी, त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसात निम्मे गोटे खालच्या वळणावर येऊन बसतील. संपूर्ण मार्गाच्या निम्म्या लांबीला हीच अवकळा असावी. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नाही. चुकत असेन तर तुमच्या अभियंत्यांनी टेप लावून मला खोटे पाडावे. तेवढ्या निमित्ताने तरी ते तिथे जातील.

खरा राग यानंतर आला. तक्रार नोंदवल्यावर चौथ्या दिवशी उत्तर मिळाले : 'सदर मार्गाचे डांबरीकरण प्रस्तावित असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' म्हणजे हाड मोडल्याची भरपाई म्हणून तुम्ही तो मार्गच मोडणार! इटलीतल्या तोस्काना प्रांतात पांढऱ्या मातीखडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची 'स्त्रादे बियांके' शर्यत होते. ग्रॅव्हलची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा २०२२ मध्ये त्याच देशाच्या व्हेनेतो प्रांतात, विचेन्त्सापासून चित्तादेल्लापर्यंत, बहुतांशी सपाटीवरून झाली आणि पुढच्या वर्षी ती तिथल्याच आल्प्सच्या पायथ्याच्या टेकड्यांत नेली गेली. अमेरिकेतल्या कॅन्सासच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत भरते. तिथला गारगोटीचा दगड टायर चिरतो, पण तो निसर्गाने ठेवलेला आहे, निविदा काढून आणलेला नाही.

तुमच्या व्यवस्थेला रस्त्याच्या दोनच अवस्था ठाऊक आहेत, कच्चा आणि डांबरी. चांगला राखलेला खडीचा रस्ता ही तिसरी गोष्ट असते, हे तुमच्या एकाही रकान्यात बसत नाही. उद्घाटनाची जाहिरात झाल्यापासून सपाटीच्या पट्ट्यावर मोटारी उधळत आहेत. सैल, कोरड्या पृष्ठभागावर ठरावीक वेगापलीकडे चाके उसळू लागली की रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात. त्या वरून माती टाकून बुजत नाहीत. ग्रेडरने लाटेच्या तळापर्यंत खरवडून, ओल असताना पुन्हा दाबाव्या लागतात आणि हे काम दरवर्षी करावे लागते. पण देखभालीला कोनशिला नसते, तिची फीत कापता येत नाही आणि तिच्यापुढे छायाचित्र काढून घेता येत नाही. म्हणून आधी वाट बिघडू द्यायची, मग बिघडली म्हणून तिच्यावर डांबर ओतायचे, डांबर उखडले की पुन्हा निविदा काढायची आणि मधल्या काळात जो पडेल त्याला 'निकाली' काढायचे, असा हा तुमचा बारमाही उद्योग आहे.

तरीही मागण्या लिहितो, कारण पत्राला त्या लागतात. गोटे उचला आणि फोडलेली खडी कचेसह टाकून दाबा. उताराला गटारे द्या, सपाटीच्या पट्ट्यावर मोटारींना वेगमर्यादा घाला आणि डांबरीकरणाचा प्रस्ताव मागे घ्या. हे होईपर्यंत त्या उताराच्या माथ्यावर एक पाटी लावा. मजकूर सुचत नसेल तर मी देतो.

आपला,
मार्गाचा एक लाभार्थी

सोबत : तक्रारीच्या उत्तराची प्रत, एक्स-रेची प्रत आणि गोटा (१ नग).