जेहॉक्सबद्दल पण लिहा ना

संपादक साहेब, स.न.

अमेरिकन कंट्री म्युझिकचा विषय निघाला की तीच ठरलेली नावं येतात, मिनियापोलिसच्या जेहॉक्सबद्दल कुणी लिहीतच नाही याचं खरंच वाईट वाटतं. १९८५ ला सुरू झालेला बँड, मार्क ओल्सन आणि गॅरी लुरिस एकत्र गायला लागले की कुठला आवाज कुणाचा तेच कळत नाही, आणि मधेच लुरिसची इलेक्ट्रिक गिटार अशी घुसते की अंगावर काटा येतो. १९९२ चा 'हॉलिवूड टाउन हॉल' अल्बम शांतपणे ऐकून बघा. १९९५ ला ओल्सन सोडून गेला तरी लुरिसने बँड चालू ठेवला, नंतर तर पॉपकडे पण वळले, काहींना नाही आवडलं ते, मला आवडलं. प्लीज यांच्यावर एक सविस्तर लेख छापा.

– एक नियमित वाचक