इसबावरील नवी इंजेक्शने आणि सामान्य गोमंतकीय

संपादक महोदय,

इसब म्हणजे नुसती खाज, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. पण माझ्या मुलीने रात्र रात्र जागून, चादरीवर रक्ताचे डाग पाडत काढलेली वर्षे पाहिल्यावर ‘नुसती’ या शब्दाचा राग येतो. एका फार्मसीतून चिठ्ठीशिवाय मिळालेले स्टेरॉइडयुक्त मलम आम्ही कित्येक महिने लावले आणि तिची त्वचा पातळ करून घेतली, यात आमचाही दोष आहेच.

मध्यम व तीव्र इसबात इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही संदेशवाहक प्रथिने त्वचेतील दाह पेटता ठेवतात. या दोहोंचा संदेश पेशीपर्यंत पोहोचण्याची वाटच अडवणारे डुपिलुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचे इंजेक्शन अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये प्रौढांसाठी मंजूर झाले. २०२२ मध्ये ते सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत पोहोचले. प्रौढांना आरंभी ६०० आणि नंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम औषध त्वचेखाली टोचले जाते. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे जुने औषध घेताना मूत्रपिंड व रक्तदाबावर ठेवावी लागणारी सततची नजर येथे लागत नाही. काहींना डोळे येण्याचा त्रास मात्र होतो. आजार समूळ जात नसल्याने औषध दीर्घकाळ चालू ठेवावे लागते, आणि मध्यमवर्गीय कुटुंब अडते ते खर्चापाशी.

गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोगतज्ज्ञांच्या शिफारशीने निवडक रुग्णांना हे उपचार राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेतून पूर्णपणे मिळावेत, याचा विचार आरोग्य खात्याने करावा, ही विनंती.

— एक पालक, फोंडा